एकवीस किलोमीटरची शर्यत आणि आपला गट

आज आम्ही धावण्याविषयी बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात धावणं कुठून आलं, असं वाटेल. पण ऐकत राहा, विषय गटाच्या पेटीपर्यंत येणारच आहे.

आपल्या ठाण्यात पावसाळ्यात महापालिकेची वर्षा मॅरेथॉन होते. २०१९ नंतर काही वर्षं ती बंद होती, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा झाली. तिच्यातली मोठी शर्यत २१ किलोमीटरची, म्हणजे अर्ध मॅरेथॉन. आमच्या गटातल्या एका ताईची लेक त्या शर्यतीत धावली. टिटवाळ्याच्या पुढे त्यांचं गाव. वय २१, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून आपण तिला नुसतं लेक म्हणू.

२१ किलोमीटर म्हणजे किती? कल्याणला लोकलमध्ये बसलं की ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा आणि मग ठाणे. रुळांवरून हे अंतर साधारण २० किलोमीटर भरतं. त्याहून थोडं जास्त अंतर ही पोरगी १ तास ३८ मिनिटांत धावली. म्हणजे एकेक किलोमीटर साधारण पावणेपाच मिनिटांच्या आत, आणि असे एकवीस, मध्ये न थांबता.

आदल्या दिवशी तिला ठाण्याला जाऊन छातीवर लावायचा नंबर आणावा लागला. ओळखपत्र दाखवल्याशिवाय तो मिळत नाही. रात्री ती आणि तिची आई कळव्याला मावशीकडे राहिल्या. जेवायला साधा वरणभात. शर्यतीच्या आदल्या दिवशी नवीन काही खायचं नाही आणि शर्यतीला नवे बूट घालायचे नाहीत, हे तिच्या सरांनी तिला बजावून सांगितलं होतं. पहाटे साडेतीनला उठून एक केळं आणि दोन चपात्या खाल्ल्या. पायाच्या बोटांना खोबरेल तेल चोळलं, कारण पावसात मोजे भिजले की कातडी सोलवटते.

सरांनी तिला स्टेशनं मोजत धावायला शिकवलं होतं. सुटताना सगळी गर्दी जोरात पळते. शेजारच्या पळाल्या म्हणून आपणही पळायचं नाही. डोंबिवलीपर्यंत, म्हणजे पहिले पाच किलोमीटर, बोलता येईल इतकाच दम लागला पाहिजे. ती सांगते, "इतक्या बाया माझ्या पुढे गेल्या, मला रडूच येत होतं. पण मी घड्याळ बघत राहिले." दिवा येईपर्यंत, म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत, ती आपल्या चालीत होती. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी दोन घोट घेत होती, ढसाढसा पीत नव्हती. पावसाळ्यातली हवा दमट. घाम सुकत नाही, त्यामुळे अंग तापतं आणि दमणूक लवकर होते.

मुंब्र्याच्या हिशोबाला, चौदाव्या किलोमीटरला, चढ लागला आणि बरगडीखाली कळ आली. "तिथं वाटलं, बस झालं. बक्षीस तर मिळणार नाही, कशाला मरायचं?" तिनं चाल थोडी कमी केली, श्वास लांब सोडला आणि पुढचा विजेचा खांब एवढंच बघत राहिली. मग कळवा आला. सुरुवातीला जोरात पळालेल्या आता चालायला लागल्या होत्या. शेवटच्या चार किलोमीटरमध्ये तिनं बारा जणींना मागे टाकलं.

बक्षिसाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. राज्यभरातून आलेल्या मुली तिच्या खूप पुढे होत्या. पण सरावातल्या तिच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा ती पाच मिनिटांनी लवकर पोचली. शर्यतीत उतरणाऱ्या मुलीला ही पाच मिनिटं फार मोठी असतात.

मैत्रिणींनो, बाईला लांब पळणं झेपत नाही असं जगानं फार वर्षं धरून ठेवलं होतं. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ साली. त्याआधी तिथं बायकांना १५०० मीटरपेक्षा लांब धावूच देत नसत. आता डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून चढण चढणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती हसेल. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी घरातली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १० हजार मीटरचं कांस्यपदक घेतलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळी. तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१२ पासून सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत धावली. या मुली आपल्यासारख्याच घरातल्या.

मग आपल्या गावातल्या मुली कुठे अडतात? या लेकीबरोबर वर्षभर राहून आम्हाला तीन जागा दिसल्या.

पहिली जागा ताट. सरावाला लागल्यावर दोन महिन्यांत तिला जिना चढताना धाप लागायला लागली. घरचे म्हणाले, धावणं झेपत नाही, बंद कर. आम्ही तिला उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन निघालं साडेनऊ. बाईचं निदान बारा असायला हवं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, धावणाऱ्या असोत की नसोत. तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. जेवणात पालेभाजी, कडधान्य, नाचणीची भाकरी, जमेल तसं अंडं आणि सुकट आली. तीन महिन्यांनी तीच पोरगी टेकडी चढून आली. आणखी एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवा. खूप धावणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणायचं नाही. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांकडे न्यायचं.

दुसरी जागा वेळ. पहाटे पाणी भरायचं, गोठा काढायचा, मग कॉलेज. धावायचं कधी? तिच्या आईनं धाकट्या मुलाला पाणी भरायला लावलं. आजी आठवडाभर बोलली नाही. "पोरगा पाणी भरतो आणि पोरगी पळते!" महिन्यानं आजीच त्याला हाक मारून उठवायला लागली. आणि अंधारात मुलगी एकटी जाऊ नये म्हणून गटातल्या दोघी पाळीपाळीनं तिच्याबरोबर रस्त्यावर चालायला गेल्या. त्या दोघींची गुडघेदुखी कमी झाली, हे वेगळंच.

तिसरी जागा बूट. साध्या चपट्या बुटांनी तिच्या नडग्या दुखायला लागल्या होत्या. चांगले बूट साडेतीन हजारांचे. तिच्या आईनं गटाकडे कर्ज मागितलं आणि बैठकीत वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "शेळी घेतली तर करडं होतील. बुटाला काय होणार?" प्रश्न बरोबरच होता. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा. शेवटी ठरलं की आजारपणाला, फीला आपण कर्ज देतो तसंच हे. नेहमीचंच व्याज, दहा हप्ते, सूट नाही. त्या ताईनं एकही हप्ता चुकवला नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शहरातल्या मॅरेथॉनचं पदक गळ्यात पडलं म्हणून नोकरी मिळत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतलं यश आणि तपासलेलं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मुलगी चांगली धावत असेल तर आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, कोणत्या स्पर्धा धरल्या जातात. आमची लेक आता त्याच स्पर्धांची तयारी करते आहे. तिला दोन स्थळं आली होती. आईनं पाहुण्यांना चहा दिला आणि सांगितलं, "पुढचे दोन वर्ष थांबा, नाही तर दुसरीकडे बघा."

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावात धावणारी, कबड्डी खेळणारी मुलगी कोण आहे ते विचारा. तिचं रक्त तपासून घ्या. तिच्या वाट्याचं एक काम घरातल्या मुलाकडे द्या. आणि तिची आई बुटासाठी कर्ज मागायला आली तर हसू नका, अर्ज लिहून घ्या.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.