वाचताना अडखळणारं मूल



मूल चुरूचुरू बोलतं…
पण धडा वाचताना अडखळतं.
'आळशी आहे,' असं म्हणून आपण मोकळे होतो.
तसं नसतं हो.

हा डिस्लेक्सिया असू शकतो.
शब्दातले आवाज सुटे करायचे, ते अक्षरांशी जोडायचे…
हे काम त्याच्या मेंदूला जड जातं.
बुद्धी कमी नसते.

आणि हा त्रास घराण्यात चालत येतो.
एकच जनुक नाही, अनेक जनुकं मिळून तो घडवतात.
आईला किंवा वडिलांना असेल, तर मुलात शक्यता वाढते…
खात्री मात्र नसते.
मुलाची तपासणी करताना कित्येक वडिलांना स्वतःचं शाळकरी वय उमगतं.

पुन्हा सांगते, हा आळस नव्हे.
डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र असेल, तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.
रागावण्याआधी तपासणी करून घ्या.