साखर सोडली, तरी खाज का जात नाही?

अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, म्हणून बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या, फळं आणि इडलीसुद्धा सोडलेल्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात. पोटात बुरशी माजली आहे, गोड बंद केलं की ती उपाशी मरेल, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलेलं असतं.

हे खूळ अमेरिकेतलं. 1983 साली डॉ. विल्यम क्रूक यांचं ‘द यीस्ट कनेक्शन’ आलं आणि थकव्यापासून उदासीपर्यंत सगळ्याचं खापर कँडिडा नावाच्या यीस्टवर फुटू लागलं. याला पुरावा नाही, असं तिथल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 1986 मध्येच सांगितलं होतं.

कँडिडा धडधाकट माणसाच्याही तोंडात, आतड्यात असतोच. आपण खाल्लेली साखर बहुतेक लहान आतड्यातच शोषली जाते, आणि काही खाल्लं नाही तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडत राहतं. मग तो उपाशी राहणार कसा? साखर कमी करा, जरूर करा. वजनाला, दातांना ते चांगलंच. पण अंगावर पाजणाऱ्या बाईने भीतीपोटी फळं सोडलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं.

रक्तातली साखर वाढलेली असेल तर मात्र कँडिडाचं फावतं. खाज, फाटलेल्या दुधासारखा स्राव पुन्हापुन्हा होत असेल, तर उपाशीपोटी रक्त तपासून घ्या. 126 किंवा त्याहून जास्त आकडा दोनदा आला, तर तो मधुमेह. कित्येकींचा मधुमेह या खाजेमुळेच कळतो. पुरुषांनाही हा त्रास होतो. ते लाजून सांगत नाहीत, एवढंच.

अँटिबायोटिकनेही असं होतं, कारण योनीतले रक्षक जिवाणू त्यात मरतात. म्हणून सर्दीसाठी मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. खाजेवर स्टिरॉइड मिसळलेलं मलम तर नकोच. आधी बरं वाटतं, मग बुरशी पसरते.

आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्या जागी यीस्ट वाढू शकतो. या गोळ्या हृदयाला, मूत्रपिंडाला जपतात, त्या परस्पर बंद करू नका. लघवीनंतर जागा धुऊन कोरडी ठेवा आणि खाज सुरू झाली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा.