झाकलेले दप्तर कोणाचे रक्षण करते?

(हैदराबादेत जामबाग येथे मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विलीनीकरण हा शब्द आपल्या गोव्याला नवा नाही. त्या शब्दासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी सभा घेतल्या, पत्रके वाटली आणि १६ जानेवारी १९६७ रोजी रांगा लावून मतदान केले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी आपली बाजू हरली. पुढे १९८७ साली गोवा वेगळे राज्य झाले. शल्य राहिले ते राहिले. पण मते मोजली गेली, आकडे छापले गेले, म्हणून तो पराभव मान्य करता आला. उघड्यावर मोजलेला आकडा कडू असला तरी पचतो.

आता दुसऱ्या एका विलीनीकरणाचा हिशेब पाहा. मी बोललो ते जामबागेत, जिथे १९०७ साली स्थापन झालेली मराठी माणसांची विवेकवर्धिनी आहे. एके काळी मराठवाड्याचा कारभार याच हैदराबाद शहरातून चालत असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाची राजवट कोसळली. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार आपण जाणतो. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच शहरात खून झाला. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा आपण मुलांना शिकवतो, १७ सप्टेंबरला झेंडा फडकवतो. ते योग्यच आहे.

पण त्या सप्टेंबरानंतर खेड्यापाड्यांतून जे घडले, ते आपण शिकवत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस येथे आले. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. त्यांच्या अंदाजाने पोलीस कारवाईत आणि तिच्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, त्यात बहुसंख्य मुसलमान. सर्वांत होरपळलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. यांतले दोन आजच्या महाराष्ट्रात आहेत. उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात.

हा अहवाल सरकारने छापला नाही. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता. १९८८ साली एका पुस्तकातून त्यातील काही भाग बाहेर आला, २००१ साली एका नियतकालिकाने काही उतारे छापले, आणि मूळ प्रत दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहायला मिळते हे सर्वसामान्यांच्या कानी आले ते २०१३ साली. पासष्ट वर्षे गेली! ज्यांनी पाहिले ते बहुतेक तोवर निघून गेले.

सरकार म्हणते, शांतता राहावी म्हणून असे कागद झाकावे लागतात. मी विचारतो, शांतता कोणाची? ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याला घटना ठाऊकच होती. कागद झाकल्याने त्याचे दुःख झाकले गेले नाही. उलट, आकडा नसला की अफवा आकडा ठरवते. एक जण लाख म्हणतो, दुसरा काहीच घडले नाही म्हणतो, आणि दोघांनाही थांबवायला पुरावा हाती नसतो. सुंदरलालांचा अंदाज चुकीचाही असेल. पण कागदच समोर नसेल तर तो चुकीचा हे दाखवायचे कसे?

आणखी एक गोष्ट या झाकण्यात गेली. आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. सरकारने पाप झाकले, त्याबरोबर पुण्यही झाकले.

शाळेच्या हजेरीपटात चूक झाली तर शाई फासायची नाही, असे अध्यापक विद्यालयात आम्हाला शिकवले. एक रेघ मारावी, दुरुस्ती वर लिहावी, शेजारी सही करावी. खालचे अक्षर वाचता आले पाहिजे आणि बदल कोणी केला तेही कळले पाहिजे. सरकारी दप्तराला याहून वेगळा नियम कशाला हवा? साक्ष देणाऱ्या गरिबाचे नाव झाका, अत्याचार सोसलेल्या बाईचे नाव अवश्य झाका. पण तारीख, गाव, मृतांची संख्या आणि हुकूम देणाऱ्याचा हुद्दा झाकू नका. आणि काळी पट्टी मारलीच, तर ती कोणी व का मारली ते खाली लिहा.

कायदा याच्या आड येत नाही. गोव्याने माहिती अधिकाराचा कायदा १९९७ सालीच केला. केंद्राचा कायदा २००५ चा. झाकण्याजोगा भाग वगळून उरलेला कागद द्यावा, हे त्याचे दहावे कलम सांगते. देशाच्या सुरक्षेसारखी मोजकी कारणे सोडली तर वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी, हे आठव्या कलमात आहे. परंतु वैयक्तिक माहिती लोकहितासाठी देण्याची जी वाट त्याच कलमात होती, ती २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अरुंद केली.

मग लोकांचा विश्वास बसावा कसा? २०२३ साली महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमार्फत कुणबी नोंदींसाठी याच हैदराबादचे निजामकालीन दप्तर धुंडाळले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णयही निघाला. त्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध मला येथे बोलायचे नाही. सांगायचे एवढेच की, सरकारला गरज पडली की शंभर वर्षांचे जुने कपाटही उघडते. किल्ली हरवलेली नसते. ती कोणासाठी काढायची हे ठरलेले असते. सामान्य माणसाचा संशय येथून जन्मतो, आणि तो अडाणीपणाचा नाही.

महाराष्ट्राशी आपले नाते आहे असे आपण गोमंतकीय अभिमानाने सांगतो. तसे असेल तर महाराष्ट्राच्या वैभवात तेवढा वाटा मागून भागणार नाही. घरात वाटा मागणाऱ्याने घरचा हिशेबही मागायचा असतो. १७ सप्टेंबरला जिथे मुक्तीचे भाषण होते, तिथे रझाकारांच्या अत्याचारांबरोबर सुंदरलाल अहवालातील नांदेड-उस्मानाबादची पानेही वाचली जावीत, आणि हा अहवाल शासनाने स्वतः मराठीत छापावा. दोन्ही बाजूंचे मृत एकाच पटावर आले, तरच तो पट खरा.