टोळीचा म्होरक्या



पाळी संपवून सरळ इथं आलोय. अंगावर अजून सिमेंटची भुकटी आहे. मी मॅट्रिक. गोदीत गोण्या उचलतो. यानं जगाच्या सिनेमावर काय बोलावं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मी एका कामगारावरच बोलणार आहे.

१९३३ सालचा 'किंग काँग' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाह्यलाय. त्यात बेटावरचा काळा म्होरक्या आठवतो? गोरी बाई दिसताच तिच्या बदल्यात सहा बाया देऊ करणारा? त्या नटाचं नाव नोबल जॉन्सन. जन्म १८८१, अमेरिकेतलं मिझुरी.

१९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. गोऱ्यांनी तोंडाला काळं फासलं आणि काळा माणूस म्हणजे जनावर असं पडद्यावर दाखवलं. दुसऱ्याच वर्षी नोबलनं काळ्यांची स्वतःची 'लिंकन मोशन पिक्चर कंपनी' उभी केली. भाऊ जॉर्ज ओमाहात पोस्टात नोकरीला. नोकरी सांभाळून तो कंपनीचे खेळ लावायचा. पहिल्या चित्रपटाचा नायक कोण? नोकर नाही, विदूषक नाही. शिकलेला काळा इंजिनिअर! काम मागायला जातो, तर कातडी बघून नकार मिळतो. नायक खुद्द नोबल.

पण कंपनीवर पोट भरेना. पोटासाठी तो 'युनिव्हर्सल'च्या चित्रपटांतून कामं करायचा. काळ्यांच्या वस्तीत 'लिंकन'चा खेळ भरायचा आणि तिथंच 'युनिव्हर्सल'च्या खेळाचा गल्ला पडायचा. मालकांना हे खुपलं. १९१८ साली नोबलनं स्वतःची कंपनी सोडली. पुढं चार-पाच वर्षांत ती मेली. तिचे चित्रपटही जवळजवळ सगळे हरवले.

मग नोबल काय झाला? १९३२ च्या 'द ममी'त गुलाम. त्याच साली 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये चेहरा उजळवून रशियन कोसॅक. १९४९ मध्ये रेड इंडियन. १९५० पर्यंत तो सगळं झाला. काळा इंजिनिअर तेवढा पुन्हा झाला नाही.

मलाही एका एकांकिकेत पार्ट दिलेला. हमालाचा. दिग्दर्शक म्हणाला, तुला मेकपची गरजच नाही. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. म्हणून नोबलला गद्दार म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

आपल्यात काय होतं? पोरगं कविता लिहितं, अंकासाठी पदरचे पैसे घालतं, मोर्चात मार खातं. एक दिवस ते कुठंतरी चिकटतं आणि आपण म्हणतो, विकला गेला साला! त्याच्या घरी चूल पेटली होती का, हे कुणी विचारलं? त्याग मागायचा आणि भाकरीचं नाव काढायचं नाही, ही कसली चळवळ?

नोबलची कंपनी बघायला माणसं येत होती. गर्दी आपली होती. मालकानं दम दिला तेव्हा त्याला घरखर्च देईल असा कुणी पाठीशी नव्हता. तिथं कंपनी हरली.

जॉर्जनं मात्र कंपनीचे कागद जपले. ते आज लॉस एंजलिसच्या विद्यापीठात आहेत, म्हणून तर मी हे बोलू शकतो. नोबल १९७८ साली वारला.

तेव्हा मित्रांनो, अंक फुकट वाचू नका. पैसे टाका. आणि जपून ठेवा.

जय भीम.