परतीचा पाऊस, पिकलेलं भात आणि बांधावरचा तंटा



नवरात्र बसलं की आपल्या मावळात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. इंद्रायणीच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात आणि गावातल्या तक्रारी वर येतात. सारा पावसाळा माणूस चिखलात असतो, भांडायला त्याला सवड नसते. पाऊस उघडला की पारावर बसणं होतं. मग कोणी कोणाचा बांध कोरला, कोणी कोणाच्या खाचरात पाणी सोडलं, कोणाची गुरं कुठं शिरली, लोणावळ्याला आलेल्या पाहुण्यांनी कोणाच्या खाचरात बाटल्या फोडल्या, हे सगळं निघतं. आज या दोन्ही गोष्टींविषयी बोलायचं आहे. कारण माझा अनुभव असा, की ऐन काढणीत वाया जाणारं सगळंच भात पावसानं जात नाही. काही भांडणानंही जातं.

आधी पावसाचं बघू. आपल्या पुणे भागातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो. पण ही झाली सरासरी. २०१९ साली ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस हटला नाही. अरबी समुद्रात 'क्यार' वादळ झालं आणि राज्यात ठिकठिकाणी कापलेली पिकं शेतातच भिजली. तेव्हा दसरा झाला म्हणजे पाऊस गेला, असं धरून चालू नका. परतीच्या पावसाची तऱ्हा वेगळी असते. सकाळी कडक ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी वारा आणि विजा. कापणी सकाळी लवकर धरा. गडगडाट ऐकू आला की विळा ठेवून पक्क्या घरात जा, झाडाखाली उभे राहू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप विजेची सूचना देतं. घरातल्या पोराला सांगून ते फोनमध्ये घालून घ्या.

आता भाताचं. इंद्रायणी हे वाण आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राचं, १९८७ सालचं. ते निमगरवं आहे. लोंबीतले शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद दाणे पिवळे झाले, की कापणीला लागा. सगळी लोंबी वाळायची वाट पाहिलीत तर दाणा गळतो, आणि वाऱ्यापावसात भात आडवं पडतं. आडवं पडलेलं भात पाण्यात राहिलं, की दाण्याला जागेवरच कोंब फुटतात. कापणी जमिनीलगत करा. खोडकिड्याची अळी धसकटात राहते, ती त्यामुळे कमी होते. मोठ्या पावसानंतर उघडीप पडली, की लष्करी अळीवर नजर ठेवा. ती दिवसा लपते आणि रात्री लोंब्या कुरतडते. बांधावर गवताचे लहान ढीग ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या अळ्या गोळा करून नष्ट करा.

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी काढून टाकायचं असतं. म्हणजे भात एकसारखं पिकतं आणि विळा लावायला जमीन घट्ट होते. तंटा नेमका इथंच सुरू होतो. आपली खाचरं उतरणीची. वरच्यानं पाणी सोडलं, की ते खालच्याच्या खाचरातून जाणार. वरच्याचं निमगरवं उभं असतं, तेव्हा खालच्याचं हळवं भात कापून पसरलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी अंदर मावळातल्या एका गावी मी पंचनाम्याला गेलो होतो. दोघे चुलतभाऊ, वर-खाली खाचरं. आदल्या वर्षी वरच्यानं न सांगता रात्री बांध फोडला आणि खालच्याचं कापलेलं भात भिजलं. त्या वर्षी खालच्यानं दगड लावून पाण्याचं तोंडच बुजवलं. वरचं खाचर चिखल राहिलं, वारा सुटला, भात आडवं पडलं आणि कोंब आले. दोन वर्षांत दोन्ही घरांचं नुकसान झालं. मी माझा कागद लिहून निघालो. उपाय मला सुचला नाही. तो सांगितला बांधावर बसलेल्या एका आजीबाईंनी. त्या म्हणाल्या, "अरे, पाणी काय नातं बघतंय का? कडेनं चर मारा की." दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते दोन वर्षं झालं नव्हतं, कारण दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

मोठ्या तक्रारीसाठी एकत्र उभं राहायला आपल्या भागाला कोणी शिकवायला नको. शेजारच्या मुळशीत १९२१ साली धरणासाठी जाणाऱ्या जमिनींकरता सत्याग्रह झाला. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या पाण्याच्या प्रश्नावर बऊर इथं आंदोलन झालं, तेव्हा गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. पाण्यासाठी एवढं सोसणाऱ्या भागात हातभर रुंदीच्या चरावरून दोन घरांचं दाणं जावं, हे बरं नव्हे.

तेव्हा माझी विनंती अशी. कापणीआधी ग्रामसभा घ्या किंवा पारावर बसा, आणि तीन गोष्टी ठरवून वहीत लिहा.

पहिली, कोणत्या शिवारातलं पाणी कोणत्या दिवशी सोडायचं आणि चर कुठून काढायचा.

दुसरी, सावड. मजूर मिळत नाही ही सगळ्यांचीच तक्रार आहे. ज्याचं भात आधी पिकलं त्याच्याकडे आधी, असा क्रम लावा. उघडीप चार दिवसांचीच असेल, तर एकट्याची कापणी पुरी होत नाही.

तिसरी, गुरं मोकळी सोडायची तारीख. भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल चांगले येतात. पण शेजाऱ्याची गुरं मोकाट असतील, तर पेरायचं कोणी? पुष्कळ खाचरं उन्हाळाभर रिकामी पडतात, ती पाण्याअभावीच असं नाही.

बोलून मिटलं नाही तर गावच्या तंटामुक्ती समितीकडे जा. तिथंही मिटलं नाही तर कायदा आहे. वाहत्या पाण्याची नैसर्गिक वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा लागतो. मात्र तारखा पडेपर्यंत पिकलेलं भात थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

एवढं करूनही पावसानं गाठलंच तर काय? भिजल्या पेंढ्या चिखलातून उचलून बांधावर लोंब्या वर करून उभ्या करा, ऊन पडताच झोडून दाणे वाळवा. पण हलवण्याआधी फोटो काढा. त्यात बांध किंवा झाड अशी ओळखीची खूण येऊ द्या. मग तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना लेखी कळवा. या पदांची नावं हल्ली बदलली आहेत, पण माणसं तीच. सरकारी मदतीला नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत भाताची नोंद आहे ना, हेही आधीच बघून ठेवा.

विम्याबाबत पारावरच्या बातमीवर जाऊ नका. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि त्या हंगामात भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठेवली गेली. भात पाण्याखाली गेल्याचं नुकसान २०२६ च्या खरिपापासून पुन्हा विम्यात घेण्याचं केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. नियम असे हंगामागणिक बदलतात. ज्या हंगामाचा विमा भराल, त्या हंगामाचा नियम भरतानाच विचारा आणि पावती जपून ठेवा.

आज संध्याकाळी एवढंच करा. आपल्या खाचराच्या खाली ज्याचं खाचर आहे, त्याच्या ओट्यावर जा आणि विचारा, "तुझं भात कधी उचलतोस? मला पाणी सोडायचंय." बोलाचाल बंद असेल, तर आधी तुम्ही बोला.

बराय मंडळी, रामराम.