आमिषासाठी माकूल



भिवंडीची खाडी पुढे वसईपाशी समुद्राला मिळते. त्या समुद्रातील माकूल हे गळासाठी उत्तम आमिष होय. त्याचे चिवट मांस गळावरून सहज सुटत नाही. विणीनंतर माकूल मरते व पाठीतील हलक्या समुद्रफेसामुळे पाण्यावर तरंगते. घिरट्या घालणारे पक्षी त्याची जागा दाखवितात. असे मेलेले माकूल घेण्यात हानी नाही. विणीपूर्वी धरलेले मात्र पुढची पिढी बुडविते.

ऑस्ट्रेलियात वायल्ला येथे विणीसाठी जमणाऱ्या महाकाय माकुलांची पकड पूर्वी आमिषापुरती होती. १९९७ मध्ये ती सुमारे २५० टनांवर गेली आणि १९९८ मध्ये तेथे बंदी घालावी लागली. आपल्याकडे ती वेळ येऊ नये. यासाठी जाळ्यात आलेले अंड्यांचे घोस पुन्हा समुद्रात सोडावेत, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावोगावी समजावून सांगावे, ही विनंती.