सोंगे, छायाचित्रे आणि सही



दृश्यकलांचा विचार करण्यासाठी भरणारे हे संमेलन वसई तालुक्याच्या पूर्वेकडील चांदीप या गावी बोलवावे, ही कल्पना ज्यांच्या मनात प्रथम आली त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. कारण एका अंगास विरार-नालासोपाऱ्याची अखंड वाढत चाललेली नगरी, आणि दुसऱ्या अंगास वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांच्या पाड्यांनी वसलेला डोंगराळ मुलूख, अशा या सीमेवर उभे राहिले असता, ज्या चित्रांविषयी मी आज बोलणार आहे त्यांचे मर्म अधिक स्पष्टपणे ध्यानात येते. ही चित्रे न्यूयॉर्कमध्ये पाहिली गेली, जर्मनीतील कासेल येथे पाहिली गेली, त्यांच्यावर इंग्रजीत विपुल लेखन झाले. परंतु ज्या पालघर जिल्ह्याच्या मातीत ती निर्माण झाली त्या जिल्ह्याच्या भाषेत त्यांची यथायोग्य दखल घेतली गेलेली नाही. ही उणीव मला मनापासून बोचते, आणि अध्यक्षपदाचा हा मान स्वीकारताना तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मी त्याबरोबरच मागून घेतला आहे.

ही चित्रे दोन मालिकांची आहेत. पहिली चित्रमालिका जव्हारची. तिचे इंग्रजी नाव ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी 2015 पासून हे काम आरंभिले. जव्हार आणि मोखाडा या भागांत होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांना सांगावयास नको. परंतु जे शहरातून आले आहेत त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. रात्र चढत जाते, संबळ आणि पिपाणी वाजू लागते, आणि गणपती, शारदा, नृसिंह, भैरव, रावण, महिषासुर, देवी अशी एकामागून एक सोंगे मशालीच्या उजेडात नाचत येतात. कोणते सोंग कोणी नाचवावयाचे याचे मान गावोगाव परंपरेने ठरलेले असतात, आणि तो मान घरात असणे ही गोष्ट सातबाऱ्यावरील नोंदीइतकीच अभिमानाने सांगितली जाते. पूर्वी हे मुखवटे लाकडात कोरीत. कालांतराने कागदाच्या लगद्याचे, वजनाने हलके, रंगांनी झगझगीत असे मुखवटे रूढ झाले. या कामात ज्यांचा हात सर्वमान्य होता असे धर्मा कडू यांचे नाव त्या बाजूस आदराने घेतले जाते, आणि त्यांचे पुत्र भगवान धर्मा कडू आणि सुभाष धर्मा कडू या कोकणा बंधूंनी ती विद्या पुढे चालविली आहे.

गौरी गिल या बंधूंकडे गेल्या त्या एक विलक्षण मागणी घेऊन. देवांची आणि असुरांची सोंगे तुम्ही करीतच आहात. आता आजच्या आयुष्याची सोंगे घडवा, ही ती मागणी होती. माणसाचे निरनिराळे भाव, वय, आजार, प्रेम आणि वियोग, सभोवतालचे पशुपक्षी, एवढेच नव्हे तर नित्य वापरातल्या वस्तूसुद्धा मुखवट्यांच्या रूपाने अवतराव्यात, अशी ती तजवीज होती. कडू बंधूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखवटे घडविले, गावातील स्त्री-पुरुषांनी ते स्वेच्छेने धारण केले, आणि घरात, शेतात, वाटेवर, कामाच्या जागी आपण एरवी जे करतो तेच करीत ती मंडळी उभी राहिली वा बसली. छायाचित्रे रंगीत आहेत, आणि पाहणारा प्रथम दचकतो. माणसाच्या साध्यासुध्या देहावर, नेहमीच्या लुगड्यावर वा सदऱ्यावर, पक्ष्याचे वा श्वापदाचे भले मोठे मस्तक. आणि मागे मात्र कोठेही न सजविलेली, जशीच्या तशी भिंत आणि जमीन. परंतु चित्र काही क्षण तसेच पाहत राहिल्यास तो दचका ओसरतो, आणि त्या देहांच्या ठेवणीत, खांद्यांच्या उतारात, मांडीवर विसावलेल्या हातांत इतकी ओळखीची माणुसकी दिसू लागते की, मुखवट्याने चेहरा झाकला हे खरे असले तरी मनुष्य मात्र अधिकच प्रकट झाला, असे वाटल्यावाचून राहत नाही. कासेलच्या 2017 च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात आणि 2018 साली न्यूयॉर्कच्या मोमा पीएस वन या संस्थेत ही मालिका मांडली गेली, आणि तेथील परिचयपत्रात कडू बंधूंची नावे सन्मानाने आली.

नावांचा हा मुद्दा मी सहज म्हणून उच्चारला नाही. माझ्या आजच्या भाषणाचा तोच गाभा आहे, आणि त्याचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते. मुंबईत छायाचित्रणकलेची पहिली संस्था 1854 साली स्थापन झाली; तिच्या संस्थापकांत मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतील विल्यम जॉन्सन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी या इलाख्यातील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे घेऊन 1863 आणि 1866 साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्या छायाचित्रांची करामत अशी की, माणसांच्या आकृती एका ठिकाणी टिपल्या, त्या कातरून काढल्या, आणि दुसरीकडे टिपलेल्या देखाव्यावर चिकटवून पुन्हा छापल्या. आजच्या काळी संगणकावर जी जोडाजोड क्षणात होते तिचे हे पूर्वरूपच, आणि केवळ कौशल्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे कौतुक करावे असे आहे. परंतु त्या चित्रांखाली माणसाचे नाव नाही. तेथे जात आहे, धंदा आहे. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांत 468 छायाचित्रांचे दफ्तरच प्रकाशित केले. तेथेही दृष्टी तीच. माणूस हा स्वतः कोणी नसून एका वर्गाचा नमुना आहे, आणि नमुन्यास नावाची गरज नाही, अशी ती राज्यकर्त्याची समजूत होती. जॉन्सनच्या चित्रांत चेहरा उघडा आहे आणि नाव पुसलेले आहे. जव्हारच्या चित्रांत चेहरा झाकलेला आहे आणि मुखवटा घडविणारा हात आपल्या नावानिशी जगापुढे उभा आहे. या दोन स्थितींतील अंतर हे केवळ दोन शैलींतील अंतर नव्हे, आणि ज्यांना ही नवी चित्रे निव्वळ चमत्कृती वाटतात त्यांनी या अंतराचा शांतपणे विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

तरीही माझे पूर्ण समाधान झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या मालिकेतील छायाचित्रांना शीर्षके नाहीत. मुखवटा धारण करून जी माणसे त्यांत बसली आहेत त्यांची नावे चित्रापाशी असावयास हवी होती, असे मला वाटते. बोहाड्यात सोंग कोणाचे आहे हे साऱ्या गावास ठाऊक असते. परदेशी भिंतीवर तेच सोंग निनावी होते. हा दोष लहान नाही.

आता दुसऱ्या मालिकेकडे वळतो, ती डहाणू तालुक्यातील गंजाडची. राजेश चैत्या वांगड हे तेथील वारली चित्रकार. 2013 साली गौरी गिल त्यांच्या घरी राहिल्या असता त्या परिसरातील एकेका जागेविषयी वांगड त्यांना सांगत गेले: येथे अमुक देव आहे, येथे पूर्वी रान होते, येथे अमुक घडले. गिल यांनी त्या जागांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. परंतु ती पाहताना, ऐकलेल्यापैकी पुष्कळसे त्या कागदावर उतरलेच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. यंत्राने डोंगर टिपला, झाड टिपले, पाठमोरा उभा राहिलेला मनुष्य टिपला. स्मरण मात्र यंत्राच्या कक्षेबाहेरच राहिले. म्हणून ती छायाचित्रेच वांगडांच्या हाती दिली गेली, आणि त्यांनी त्यांवर शाईने, वारली रेषेत, जे दिसत नव्हते ते काढले: गेलेले अरण्य, त्यातील प्राणी, देव, नाचणारी माणसे, आणि त्यांच्यावर चालून येणाऱ्या आजच्या काळाच्या खुणाही. ‘फील्ड्स ऑफ साइट’ या नावाच्या या चित्रांचे कर्ते दोन आहेत आणि दोघांचीही नावे एका ओळीत येतात. छायाचित्रणाच्या आरंभापासून ज्याच्याकडे केवळ पाहिले गेले, त्यानेच त्या छायाचित्रावर हात चालवून आपली कैफियत लिहावी, ही घटना माझ्या मते आपल्या काळातील भारतीय कलेच्या इतिहासात अत्यंत मोलाची आहे.

शुद्धतेचे कैवारी यावर आक्षेप घेतात की, वारली चित्र हे लग्नघरातील गेरूच्या भिंतीवरचे, तांदळाच्या पिठाचे, सवाशिणींनी लिहावयाचे. छायाचित्राच्या कागदावर ते आणणे हा परंपरेचा भ्रंश आहे. भिंतीवरच्या त्या लग्नचौकाचे पावित्र्य मीही मानतो. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्याशिवाय ज्याची पूर्तता होत नाही असे ते लेखन, हे चित्रच नव्हे तर संस्कार आहे. परंतु ज्यांनी हा भ्रंश आज शोधून काढला त्यांना पन्नास वर्षांमागील इतिहासाचे विस्मरण झाले आहे. 1970 नंतरच्या त्या वर्षांत चित्रकार भास्कर कुळकर्णी या मुलखात आले आणि त्यांनी भिंतीवरची चित्रे कागदावर उतरविण्यास उत्तेजन दिले. त्यातूनच गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे पुढे आले. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली; 1989 साली पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात जगभरच्या शंभराहून अधिक कलावंतांच्या पंक्तीस ते बसले; 2003 साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. पायी चालणे हीच ज्याची कला, असा तो इंग्रज, आणि शेताच्या बांधावरून आयुष्यभर अनवाणी चाललेला हा वारली, यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी मातीशी दोघांचेही नाते सारख्याच निष्ठेचे होते. 2011 साली मशे यांस पद्मश्री मिळाली, आणि 2018 साली ते निवर्तले.

या वैभवाच्या कथेत एक अन्याय दडलेला आहे. भिंतीवर शतकानुशतके लिहिणाऱ्या त्या सवाशिणींचे आणि धवलेरींचे एकही नाव आपल्या दफ्तरी नाही. चित्र कागदावर आले, कागदाखाली सही आली, आणि बहुतांशी ती सही पुरुषाची आली. मशे यांच्या प्रतिभेला यात कमीपणा येत नाही. पण आज चौक लिहिणाऱ्या वृद्ध स्त्रिया हयात आहेत तोवर त्यांची नावे, गावे आणि त्यांनी लिहिलेले चौक यांची नोंद करणे हे आपले तातडीचे कर्तव्य आहे. 2014 साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु मानांकनाने जमातीच्या नावाचे रक्षण होते, व्यक्तीच्या नावाचे होत नाही. साड्यांवर, पेल्यांवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांवर वारली आकृती सर्वत्र नाचत आहेत, आणि त्या कोणाच्या हातच्या आहेत हे सांगणारी ओळ क्वचितच आढळते. ज्या मुलखात 1945 साली वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठ नाकारली, त्या मुलखात कलेची वेठ चालू राहावी हे मला असह्य वाटते.

तेव्हा या अधिवेशनापुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, जिल्हा परिषदेच्या शाळा, कचेऱ्या आणि रेल्वे स्थानके यांच्या भिंतींवर जेथे जेथे वारली चित्र काढविले जाईल तेथे चित्रकाराचे नाव आणि गाव चित्राच्याच आकाराच्या मानाने ठळक लिहिले जावे, आणि मोबदल्याच्या करारातच ही अट घालावी. दुसरी, जव्हारला बोहाड्याच्या मुखवट्यांसाठी एक कायमचे दालन व्हावे, त्यात जुनी लाकडी सोंगे आणि कडू बंधूंची नवी सोंगे शेजारी शेजारी मांडावीत, आणि ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’मधील छायाचित्रे तेथे प्रथम आणून, मुखवटे धारण करणाऱ्यांच्या संमतीने, त्यांच्या नावांसह लावावीत. तिसरी, लग्नचौक लिहिणाऱ्या स्त्रियांची गाववार नोंदवही सिद्ध करण्याचे काम या संमेलनाच्या कार्यकारी मंडळाने स्वतःकडे घ्यावे, आणि त्याची सुरुवात वसई तालुक्याच्या या पूर्व भागापासून करावी. त्यासाठी लागणारा खर्च आणि माणसे यांचा तपशील मी चिटणिसांकडे लेखी दिला आहे, आणि उद्या सकाळच्या सत्रात तो ठरावरूपाने चर्चेस घ्यावा, अशी माझी सभेस विनंती आहे.